चाकाखालचे लिंबू

नवी गाडी घेतली की तिच्या चाकांखाली लिंबे ठेवायची आणि गाडी पुढे घेताना ती चिरडायची, हा विधी आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की शोरूमवाले लिंबांची पिशवी आता स्वतःच तयार ठेवतात. २०२४ सालच्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, मीही असाच रांगेत उभा होतो. त्या दिवशी त्या दारातून किती गाड्या बाहेर पडल्या कोण जाणे. माझ्यापुढे अकरा होत्या आणि मागची रांग फाटकाबाहेर गेली होती. प्रत्येकाला एक हार, पेढ्यांचा पुडा, पुठ्ठ्याची हातभर लांब चावी आणि एक छायाचित्र. माझ्या गाडीखालची चार लिंबे चिरडली गेली, टाळ्या झाल्या, आणि साडेआठ लाख रुपयांची गाडी (त्यांतले सहा लाख पतसंस्थेचे) घेऊन मी घरी आलो. सदोष निघालेल्या नव्या गाडीला अमेरिकेत 'लेमन', म्हणजे लिंबूच, म्हणतात हे मला ऐकून ठाऊक होते. दृष्ट लागू नये म्हणून आणलेली लिंबे चाकांखाली होती आणि खरे लिंबू चाकांच्या वर होते, हे कळायला मात्र दोन आठवडे जावे लागले.

पुढच्या सात महिन्यांत मी त्या विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये पाच वेळा गेलो. अशा व्यवहारात ग्राहक हरतो तो यंत्राविषयीच्या अज्ञानामुळे, असे आपण समजतो. पाच खेपांनंतर माझे मत निराळे झाले आहे. ग्राहक कागदावर हरतो. तो तिथे का हरतो याचा विचार करू लागलो तेव्हा बोट विक्रेत्यापाशी थांबेना. ते वळून आमच्या स्टाफरूमकडे, म्हणजे माझ्याकडेच आले. म्हणून हे लिहीत आहे.

*

दोष दोन होते. पहिला ब्रेकचा. ताशी साठ-सत्तरच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरे. ब्रेक सोडला की थरथर बंद. दुसरा दोष जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात उघड झाला. पुढच्या डाव्या सीटपाशी, पाय ठेवायच्या जागी, पाणी साचू लागले.

पहिली खेप मेच्या आरंभी, हजार किलोमीटरच्या मोफत सर्व्हिसिंगची. थरथर केव्हा होते आणि केव्हा होत नाही, हे मी सर्व्हिस ॲडव्हायझरला नीट सांगितले. संध्याकाळी हाती आलेल्या जॉब कार्डावर रोमन लिपीत तीन शब्द होते: 'चेक्ड, फाउंड ओके'. महिनाअखेरीस दुसऱ्या खेपेला चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून माझ्याकडून अकराशे रुपये घेतले गेले. थरथर तशीच राहिली. गावातल्या आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ब्रेक दाबल्यावरच थरथरते ना? मग बॅलन्सिंगचा काय संबंध? बॅलन्सिंग बिघडलं असतं तर ब्रेक न दाबताही हादरली असती. डिस्क आउट मारतेय, सर." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ती किंचित वाकडी असली किंवा तिची जाडी कमीजास्त असली की ब्रेकचे पॅड तिला पकडताना धक्के बसतात आणि ते स्टिअरिंगपर्यंत पोचतात. हा वाकडेपणा मिलिमीटरच्या शतांशांतला असतो, पण डायल गेज लावून तो मोजता येतो. वर्कशॉपमध्ये गेज होता. तो लावला गेला नव्हता.

तिसरी खेप पाण्याची. "सर, ते एसीचं पाणी असतं," असे सांगण्यात आले. तसे होऊ शकते, हे मलाही मान्य होते. म्हणून मी आधीच्या रात्री एसी न लावलेली गाडी अंगणात उभी करून त्या जागी जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती. सकाळी कागद भिजलेले होते आणि त्यांवर लालसर मातीचा डाग होता. एसीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असते. त्यात माती नसते. तो कागद मी बरोबर नेला होता. ॲडव्हायझरने तो पाहिला, हसून म्हणाला, "सर, तुम्ही फारच बारकाईनं बघता." कार्डावर उमटले: 'एसी ड्रेन क्लीन्ड'. मातीच्या डागाचा उल्लेख कोठेही नाही.

चौथ्या खेपेला, ऑगस्टमध्ये, दोन्ही दोष पुन्हा सांगितले. गाडी तीन दिवस ठेवून घेतली गेली आणि कार्ड आले: 'कस्टमर कन्सर्न नॉट ऑब्झर्व्हड'. भाषेच्या माणसाने या शब्दाशी थोडे थांबायला हवे. येथे 'डिफेक्ट' नाही, 'कंप्लेंट'सुद्धा नाही, 'कन्सर्न' आहे. गाडीत दोष आहे असे कोणी म्हणतच नाही, ग्राहकाला काळजी आहे एवढेच. आणि ती काळजी आम्हाला काही दिसली नाही. दोष गाडीतून उचलून ग्राहकाच्या मनात ठेवण्याचे काम एका शब्दाने पार पडते, आणि ते करताना कोणीही खोटे बोललेले नसते.

त्या रात्री मी चारही कार्डे टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येक कार्ड स्वतंत्र, नीटनेटके, शिक्क्यानिशी होते. एकातही आधीच्या कार्डाचा निर्देश नव्हता. चार वेळा सांगितलेली एक गोष्ट कागदावर चार वेळा पहिल्यांदाच सांगितली गेली होती.

*

'तक्रार' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फार्सीमार्गे आला. अरबीत 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. पुढे त्यातून वाद, हुज्जत, गाऱ्हाणे हे अर्थ निघाले. हे मी अनेक वर्षे वर्गात शब्दसिद्धीचे उदाहरण म्हणून सांगत आलो. त्याचा अर्थ मला त्या टेबलापाशी कळला. एकदा सांगितले ते गाऱ्हाणे असेल, विनंती असेल. पुन्हा सांगावे लागले की तक्रार होते. विक्रेत्याची सारी व्यवस्था नेमकी ही पुनरावृत्ती मोडण्यासाठी उभी आहे. दर वेळी नवा ॲडव्हायझर, नवे कार्ड, नवा क्रमांक. ग्राहक पुन्हा पहिल्यापासून सांगतो, आणि केव्हातरी सांगण्याचा कंटाळा येऊन त्या थरथरीची हाताला सवय करून घेतो.

अमेरिकेत कनेटिकट राज्याने १९८२ साली जो 'लेमन लॉ' केला त्याचे मर्म याच मोजणीत आहे. वाहन नवे असताना, ठरावीक मुदतीत, एकाच दोषासाठी ते चार वेळा दुरुस्तीला द्यावे लागले किंवा एकूण तीस दिवस वापराबाहेर राहिले, तर दुरुस्तीला पुरेशी संधी देऊन झाली असे तो कायदा गृहीत धरतो, आणि निर्मात्याने गाडी बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा प्रश्न उभा राहतो. पुढे इतर राज्यांनीही आपापल्या रीतीने हेच केले. खेपा मोजण्याचे काम तिथे कायद्याने अंगावर घेतले आहे. आपल्याकडे नव्या वाहनांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून ती मोजणी ग्राहकाला स्वतःच्या गद्यात करावी लागते.

आणि या बाबतीत मराठी गद्याला परके वाटावे असे काही नाही. शिवकालातल्या आणि पेशवाईतल्या वतनाच्या वादांत वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत, तकरीर होई, निवाड्याचा महजर होई. वाद जुना असला तरी करिन्यात तो मुळापासून येतो: कोणी, कोठे, कोणत्या सुमारास, कोणासमक्ष काय केले. महजराखाली हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असतात; लिहिता न येणाऱ्याचा नांगरसुद्धा तिथे साक्ष देतो. इंग्रजी अमलात 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८पासून लोकहितवादींनी पत्रे लिहिली ती समाजाविषयीची तक्रारच होती. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा तर कोणाकडून, कोणत्या वाटेने शेतकरी नाडला जातो याचा तपशीलवार पाढा आहे. आपण हे ग्रंथ 'वैचारिक गद्य' या मथळ्याखाली शिकवतो, त्यांतले विचार मुद्द्यांनिशी उतरवून देतो आणि परीक्षेला विचारतो. त्यांची ताकद तपशिलात आहे, नाव घेण्यात आहे, हे सांगायला तास पुरत नाही.

*

आता कायद्याची बाजू. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९चा कायदा आला आणि २० जुलै २०२०पासून तो अमलात आला. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. वस्तूच्या गुणवत्तेतली, प्रमाणातली किंवा मानकातली कोणतीही उणीव तिच्यात बसते. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच ते दहा लाखांच्या वस्तूसाठी शुल्क अवघे २०० रुपये. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि वकील देण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. आणि मराठीच्या प्राध्यापकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे की महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांचे कित्येक निर्णय मराठीत लिहिलेले आहेत. 'तक्रारदार' आणि 'सामनेवाले', 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हे त्यांचे शब्द. ते गद्य रूक्ष असते, परंतु कोणी काय केले हे त्यात सापडते.

मग अडते कोठे? पुराव्यापाशी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश फिरवला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असते, सबंध गाडी बदलून देण्याचे नसते, असे त्याचे सार. २०२१ साली गोव्यातल्या एका ग्राहकाचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. त्याला २०११चे म्हणून २००९चे, आधीच काही शे किलोमीटर चाललेले वाहन विकले गेले होते. विक्रेता आणि निर्माता हे दोन स्वतंत्र मालक आहेत, विक्रेत्याच्या कृत्याची निर्मात्याला माहिती होती असे सिद्ध झालेले नाही, म्हणून निर्माता जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरवले. विक्रेत्याची जबाबदारी उरली. दोन्ही निर्णय समोरच्या पुराव्यांवर झालेले आहेत आणि त्यांत मला दोष काढायचा नाही. त्यांतून मी घेतलेला धडा साधा आहे. कोणी काय केले आणि ते कोणाला केव्हा कळवले, हे कागदावर नसेल तर कायदा तुमच्या बाजूने असूनही उपयोगाचा नाही.

आणि कागदावर नेमके तेच येऊ दिले जात नाही. मी विक्रेत्याला विचारले की उत्तर येई, कंपनीला कळवले गेले आहे. कंपनीला ईमेल पाठवली की उत्तर येई, आपण विक्रेत्याशी संपर्क साधावा. मग दोघांकडूनही: आपली तक्रार नोंदवली गेली आहे, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. कर्मणी प्रयोग शिकवताना कर्ता गौण कसा होतो ते आपण फळ्यावर दाखवतो. येथे कर्ता पगारी नोकरासारखा रजेवर गेलेला असतो. कोणी नोंदवली? कोण करणार? केव्हा? याबद्दल इंग्रजीला दूषणे देऊन भागणार नाही. 'करण्यात येत आहे', 'विचाराधीन आहे', 'उचित कार्यवाहीस्तव सादर' हे आपल्या कार्यालयांनी घडवलेले अस्सल मराठी वाक्प्रयोग आहेत. शोरूमने ते फक्त वातानुकूलित केले.

*

या व्यवस्थेतला सर्वांत चतुर भाग मात्र भाषेचा नाही, आकड्याचा आहे. प्रत्येक खेपेनंतर तीन दिवसांनी फोन येतो: सेवेला दहापैकी किती गुण द्याल? आणि तो येण्याआधी ॲडव्हायझरचा येतो: "सर, फोन येईल, प्लीज दहा द्या. नऊ दिले तरी माझा इन्सेन्टिव्ह कापतात." आता तुम्ही काय कराल? गाडीत पाणी साचते, याचे गुण किती? थरथरीचे किती वजा करायचे? तुमच्या हातात दिलेले एकमेव हत्यार समोरच्या गरीब पोराच्या पगारावर चालते. डिस्क न मोजण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याला ते पोचतच नाही. भला माणूस दहा देतो. मीही दोनदा दिले. कंपनीच्या दफ्तरी मी एक संतुष्ट ग्राहक आहे.

तिसऱ्या खेपेच्या ॲडव्हायझरने मला ओळखले होते. "सर, मी तुमच्याच कॉलेजचा. बी.ए.ला मराठी स्पेशल होतं." तोच तो, मातीचा डाग पाहून हसलेला. तो खोटारडा नव्हता, आळशीही नव्हता. त्याच्यापुढच्या पडद्यावर पाच-सहा ठरलेले पर्याय होते, त्यांतला एक निवडायचा होता. खाली शेऱ्यासाठी एक रिकामी चौकट होती. ती भरावी, तीत 'ग्राहकाने भिजलेला कागद दाखवला, त्यावर माती आहे, एसी बंद होता असे ग्राहक सांगतो' असे लिहावे, हे त्याला सुचले नाही. सुचले असते तरी लिहिण्याचा धीर झाला नसता. मी त्याला शिकवला होता तो पेपर 'व्यावहारिक मराठी'चा.

तो पेपर कसा शिकवला जातो ते आपल्यात लपून नाही. विभागात जो सर्वांत कनिष्ठ त्याच्या गळ्यात तो पडतो. प्रश्न ठरलेला: नगरपालिकेस अपुऱ्या पाणीपुरवठ्याबाबत तक्रार अर्ज लिहा. उत्तर गाइडमधले. उजव्या कोपऱ्यात दिनांक, डावीकडे 'प्रति', मग 'विषय', मग 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की', शेवटी 'आपला कृपाभिलाषी'. गुण या सांगाड्याला. पाणी कोणत्या तारखेपासून आले नाही, कोणत्या गल्लीत आले नाही, आधी कोणाला सांगितले होते आणि तो काय म्हणाला, याला एकही गुण नाही. उलट एवढे लिहिले तर 'पाल्हाळ' असा शेरा आम्ही मारतो. मी मारला आहे. आणि जो हक्काने मागायचे त्याने स्वतःला कृपेचा अभिलाषी म्हणवून घ्यावे, हे आम्ही सही घालायच्या जागी शिकवतो.

यावर आपल्या मंडळींचे आक्षेप मला ठाऊक आहेत. स्टाफरूममध्ये ते सगळे ऐकले आहेत. एक म्हणाले, साहित्याचा विभाग म्हणजे अर्जनविसांची शाळा नव्हे. मान्य. पण ज्या बारकाईने आपण कथेतला निवेदक शोधतो त्याच बारकाईने जॉब कार्डातला निवेदक शोधायला काय हरकत आहे? संहितेत काय गाळले आहे हे पाहायला शिकवणे हेच जर आपले काम असेल, तर ही संहिता तरी कोणती निराळी आहे? दुसरे म्हणाले, इंग्रजीत लिही, लगेच काम होईल. कदाचित होईल. पण मग इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या गाडीतले पाणी कोणी काढायचे? तिसरा आक्षेप नव्हता, मदत होती, आणि तीच अधिक घातक होती: "कशाला लिहीत बसतोस? आमच्या मेव्हण्याची मालकाशी ओळख आहे, एक फोन करू." माझा मोह झाला होता, हे कबूल करतो. त्या फोनने माझे काम आठवड्यात झाले असते. आणि त्याची कोठेही नोंद राहिली नसती. त्याच पाडव्याला माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या आणि कोणाचाच मेव्हणा नसलेल्या माणसाच्या गाडीत तेच पाणी साचत राहिले असते. ओळखीने सुटलेला प्रश्न एकट्याचा सुटतो; लिहिलेली तक्रार निदान पुढच्याच्या उपयोगी पडू शकते.

ग्राहक चळवळीला हे कळले होते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तिच्या उभारणीत सुधीर फडक्यांसारख्या संगीतकाराचाही वाटा होता. ग्राहकाचा हिशेब हे आपल्या अभिरुचीला न शोभणारे काम आहे असे फडक्यांना वाटले नाही. ते आपल्याला का वाटावे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. आमच्या विभागाने पेढे वाटले. मीही वाटले, आणि मला खरोखर आनंद झाला होता. त्याच आठवड्यात माझी बॅग उघडली तेव्हा वर चार जॉब कार्डे होती. चार महिने मी जे मराठीत बोललो होतो त्यातला एकही शब्द मराठीत नोंदला गेलेला नव्हता. अभिजातपणाचे पुरावे आपण शिलालेखांपासून गोळा केले, ते योग्यच झाले. पण आपल्या तालुक्यातल्या वर्कशॉपमध्ये 'गाडीत पाणी येते' हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यायला लावण्याइतकी शक्ती त्या भाषेत आम्ही उरू दिली आहे का?

*

दिवाळीच्या सुट्टीत मी पत्र लिहिले. दीड पान, मराठीत. कृपा, विनंती, नम्र यांतले काही नाही, शिव्याही नाहीत. एक कोष्टक: खेपेची तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर, मी काय सांगितले, कार्डावर काय लिहिले गेले, काय केले गेले, किती पैसे घेतले. कोष्टकाखाली एक वाक्य: हे दोन दोष मी चार वेळा सांगितले आहेत. मागण्या दोन: डिस्क माझ्यासमोर गेजने मोजावी आणि आलेला आकडा कार्डावर लिहावा, गाडीवर पाण्याचा फवारा माझ्यासमोर मारावा आणि पाणी कोठून येते ते कार्डावर लिहावे. पंधरा दिवसांची मुदत. नंतर जिल्हा आयोग. एक प्रत विक्रेत्याला, एक कंपनीला, दोन्ही रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह.

विक्रेत्याचा फोन आला, "सर, लेटर इंग्लिशमध्ये द्याल का? कंपनीला फॉरवर्ड करायचंय." मी म्हणालो, कंपनीला प्रत गेली आहे, आणि भाषांतराचा खर्च गाडी विकणाऱ्याने करायचा असतो. दहाव्या दिवशी कंपनीचा अभियंता आला. गेज लागला; दोन्ही बाजूंच्या डिस्क मर्यादेबाहेर निघाल्या. फवारा मारला, बॉनेटच्या मागे, वायरींचा जुडगा ज्या छिद्रातून आत येतो तिथले रबर नीट बसलेलेच नव्हते. पाडव्याआधी कोणी पाच मिनिटे पाण्याचा फवारा मारून पाहिला असता तर ते तेव्हाच दिसले असते. पण पाडव्याच्या गर्दीत ती पाच मिनिटे कोणाकडे नव्हती. आणि मुहूर्ताचा हट्ट माझाच होता, हेही लिहून ठेवतो.

डिस्क बदलल्या, रबर बसले. पाचवे कार्ड हाती आले. त्यावर लिहिले होते की हे भाग 'गुडविल' म्हणून बदलून दिले आहेत. गुडविल, म्हणजे मेहेरबानी. सात महिन्यांनंतर दोष अखेर सापडला, आणि कागदावर आला तो उपकार होऊन. उद्या तेच रबर पुन्हा निघाले तर आधी दोष होता याचा पुरावा नाही, फक्त कंपनी दयाळू होती याचा आहे. मी तो शब्द काढा म्हणालो. सिस्टिममधून निघत नाही, असे कळले. सही केल्याशिवाय गाडी मिळणार नाही, हेही कळले. मग मी सहीच्या वर पेनाने लिहिले: 'हे काम वॉरंटीनुसार झाले आहे, मेहेरबानी म्हणून नव्हे. याच दोन दोषांसाठी ही माझी पाचवी खेप.' खाली तारीख आणि सही.

खिडकीत माझा माजी विद्यार्थी होता. त्याने ते वाचले, मग हळूच विचारले, "सर, असं लिहिलेलं चालतं का?" चालते, मी म्हणालो. त्याने झेरॉक्स काढून शिक्का मारून मला दिली. तीन वर्षे तो माझ्यासमोर बाकावर बसला होता आणि हा प्रश्न त्याला पडावा असे मी एकदाही काही शिकवले नव्हते.

बॅलन्सिंगचे अकराशे रुपये मला परत मिळाले नाहीत. ते मागायला मी सहाव्यांदा गेलो नाही. म्हणजे तेवढ्यापुरती त्यांची पद्धत यशस्वी झाली. या वर्षी मात्र 'व्यावहारिक मराठी'चा पेपर मी स्वतःहून मागून घेतला आहे. पहिल्या तासाला मुलांना नाव झाकलेले ते चौथे कार्ड वाचायला देणार आहे आणि विचारणार आहे: यात कोण बोलते आहे, आणि कोणाचे बोलणे यात आलेले नाही? ज्यांना हे साहित्याच्या वर्गाबाहेरचे वाटते त्यांनी आपली गाडी, घर, विम्याचा दावा किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज यांपैकी कोणताही एक कागद काढून याच दोन प्रश्नांनी वाचून पाहावा. मग सांगावे.